उथळ पाण्यासाठी लहान बोटीची आउटबोर्ड मोटर कशी बसवावी: नर्मदा आणि मही डोळ्यांसमोर ठेवून

चांदोद, मालसर, नारेश्वर ही नर्मदाकाठची गावं बडोद्याच्या मराठी घरांत नवी नाहीत. कुणी परिक्रमेच्या निमित्ताने जातं, कुणी रंग अवधूत महाराजांच्या दर्शनाला, कुणी चांदोदला अस्थिविसर्जनासाठी. गळ टाकायला किंवा लहानसं जाळं घेऊन जाणारे त्या मानाने थोडे, पण आहेत. स्वतःची बोट आणि मोटर घेऊन उतरणाऱ्यांची पहिली अडचण ठरलेली असते. पात्र रुंद दिसतं, पण उन्हाळ्यात बऱ्याच पट्ट्यांत पाणी गुडघाभरच असतं, मध्येच वाळूचा दांडा वर येतो आणि मोटरचा पंखा त्यात रुततो.

मोटर वर उचलली की काम झालं, असा समज आहे. माझ्या मते ते तिसरं काम. आधी बोटीचं वजन जागेवर आणायचं, मग मापं घ्यायची, आणि त्यानंतर मोटरला हात लावायचा. मोटर किती वर नेता येईल याची खरी मर्यादा एकच: तिला थंड ठेवणारं पाणी तिला सतत मिळालं पाहिजे. वाळूत घासलेला पंखा बदलता येतो, पण तापून अडकलेल्या इंजिनाचा खर्च कधी कधी नव्या मोटरच्या जवळ जातो.

पुढचं सगळं साधारण १२ फुटी, सपाट तळाची, फायबरची किंवा अ‍ॅल्युमिनियमची बोट आणि ८ ते १५ अश्वशक्तीची हँडलवाली मोटर धरून लिहिलं आहे.

आधी शाफ्ट तपासा

शाफ्ट म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा. आउटबोर्ड मोटर शॉर्ट शाफ्ट आणि लाँग शाफ्ट अशा दोन मुख्य लांब्यांत मिळते. शॉर्ट शाफ्ट १५ इंच उंचीच्या ट्रान्समसाठी असते, लाँग शाफ्ट २० इंचांसाठी. ट्रान्सम म्हणजे बोटीच्या मागची उभी फळी, जिच्यावर मोटर अडकवतात. जुनी मोटर स्वस्तात मिळाली म्हणून घेतात आणि घरी आल्यावर कळतं की ती लाँग शाफ्ट आहे. अशी मोटर १५ इंची ट्रान्समवर लावली तर ती ५ इंच, म्हणजे सुमारे पावणेतेरा सेंटिमीटर, विनाकारण खोल लटकते. उथळ पाण्यात एवढा फरक निर्णायक ठरतो. ट्रान्समची उंची वरच्या काठापासून खाली तळाच्या रेषेपर्यंत, मधोमध मोजा. शाफ्टच जुळत नसेल तर पुढची सगळी खटपट वाया जाते. अशा वेळी मोटर बदलून घेणं किंवा ट्रान्सम उंच करून घेणं हाच मार्ग.

बोट किती बुडते?

हे गणित सोपं आहे आणि कागदावर करून ठेवण्यासारखं आहे. १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद सपाट तळाचं क्षेत्रफळ सुमारे ४.५ चौरस मीटर भरतं. पुढचा भाग निमुळता असल्यामुळे प्रत्यक्ष उपयोगाचं ३.५ चौरस मीटर धरा. म्हणजे बोट एक सेंटिमीटर खाली जायला सुमारे ३५ किलो वजन लागतं. बोट ९० किलो, मोटर ४०, दोन माणसं १४०, पेट्रोल आणि सामान ४०. एकूण ३१० किलो, म्हणजे सरासरी ९ सेंटिमीटर. पण मोटर, टाकी, बॅटरी आणि चालवणारा माणूस सगळे मागेच असतात. त्यामुळे पुढचं टोक वर राहतं आणि मागची बाजू सहज १२-१३ सेंटिमीटर बुडते. मोटरही तिथेच लटकलेली असते.

म्हणून पहिलं काम म्हणजे वजन पुढे सरकवणं. २० लिटर पेट्रोलची टाकी भरलेली असली की १५ किलोच्या वर जाते. तिची नळी लांब करून ती मधल्या बाकाखाली न्या. नळी कुठे मुडपणार नाही आणि पायाखाली येणार नाही अशी बांधा. बॅटरी असेल तर ती त्याहून पुढे. नांगर आणि दोर नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात. चालवणाऱ्यानेही थोडं पुढे बसता यावं म्हणून हँडलला लांबीचा दांडा जोडून घ्या. तो तयार मिळतो. मात्र घरी पाइपचा केला तर मोटरचं गिअर आणि बंद करण्याचं बटण हाताशी राहतील याची खात्री करा.

वजन हलवून झालं की बोट शांत पाण्यात सोडा, नेहमीची माणसं नेहमीच्या जागी बसवा आणि काठावरून बाजूने पाहा. तळ पाण्याशी समांतर किंवा नाळ अगदी किंचित वर, एवढंच हवं. नाळ खाली जाईल इतकं वजनही पुढे नको. नाळ जड झालेली बोट पाठीमागून लाट आली की भरकटते आणि वळणावर हाताबाहेर जाते.

अनावश्यक सामान घरी ठेवा हे सांगायची गरज नसावी, पण बोटीच्या तळात साचलेलं पाणी लोक विसरतात. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, आणि ते नेहमी मागेच वाहत येतं. उपसायचा डबा हाताशी ठेवा.

मोटरची उंची

मोटरच्या खालच्या भागात, पंख्याच्या अगदी वर एक आडवी सपाट प्लेट असते. पृष्ठभागावरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये हे तिचं काम. सगळी मापं या प्लेटपासून घ्यायची. बोट ट्रेलरवर किंवा ठोकळ्यांवर ठेवा. मोटर अशी झुकवा की प्लेट बोटीच्या तळाला समांतर होईल. मग तळाला एक सरळ पट्टी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप धरून तो मागे प्लेटपर्यंत न्या. प्लेट पट्टीच्या वर आहे की खाली, आणि किती, हे दिसेल.

कारखान्याच्या सूचनेप्रमाणे ती साधारण तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली असते. उथळ पाण्यासाठी सपाट तळाच्या बोटीवर ती तळापेक्षा २ ते ५ सेंटिमीटर वर नेता येते. त्यापुढे जायचं तर चांगली पकड असलेला पंखा लागतो, किंवा तळात मोटरपुढे बोगदा असलेली बोट. आता प्लेटपासून सर्वांत खालच्या पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. लहान मोटरीत ते साधारण २५ ते ३० सेंटिमीटर भरतं. पण तुमच्या मोटरचं स्वतः मोजा आणि टोपणाच्या आत खडूने लिहून ठेवा. मागची बुडती १२ आणि हे २८, म्हणजे थांबलेल्या बोटीला किमान ४० सेंटिमीटर पाणी हवं. वजन पुढे नेऊन तीन वाचले आणि मोटर उचलून चार, तर आकडा ३३ वर येतो. वाळूच्या दांड्यावरून जाताना या सात सेंटिमीटरांची किंमत कळते.

उचलायचं कसं? स्क्रूच्या पकडीने अडकणारी मोटर असेल तर ट्रान्समच्या माथ्यावर सागाची किंवा मरीन प्लायची पट्टी बसवतात. इथे घाई नको. मोटर जितकी वर जाईल तितकी पकडीच्या जबड्यात कमी फळी राहते, आणि मोटरचा सगळा जोर तिथेच येतो. पट्टी नुसती ठेवायची नाही. ती आतून-बाहेरून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांनी ट्रान्समला आरपार बोल्टने जखडायची आणि भोकं सीलंटने बंद करायची, नाहीतर फळीत पाणी मुरून ती आतून कुजते. बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, असं काम करून देणारे कारागीर सापडतात. त्यांना तोंडी सांगण्यापेक्षा पुठ्ठ्याचा साचा कापून न्या. शिवाय मोटरला एक जाड दोर किंवा साखळी लावून ती बोटीच्या कडीला बांधा. पकड सुटली तर मोटर नदीच्या तळाला जाणार नाही.

दुसरा मार्ग जॅक प्लेटचा. ही ट्रान्सम आणि मोटर यांच्यामध्ये बसते आणि मोटर वर-खाली सरकवता येते. ती मोटरला काही इंच मागेही नेते. बोटीच्या मागून निघालेलं पाणी थोडं वर उसळतं. त्यामुळे मोटर मागे गेली की तेवढीच वर घेता येते. साधारण हिशेब असा की १२ इंच मागे गेल्यास एक इंच जास्त उंची मिळते. पण वजन आणखी मागे जातं, आणि १२ फुटी बोटीला ते सोसत नाही. माझा कल अशा लहान बोटीसाठी साध्या पट्टीकडेच आहे.

दोन-दोन सेंटिमीटरने चाचणी

एकदम पाच सेंटिमीटर उचलू नका. दोन उचला, खोल पाण्यात चालवा, मग पुढचे दोन. चाचणी नेहमी खोल पाण्यातच. दर वेळी पुढच्या गोष्टी पाहा.

मोटरच्या बाजूच्या छिद्रातून बाहेर पडणारी पाण्याची धार. ती जाड आणि अखंड हवी. धार तुटत असेल किंवा वेगात गायब होत असेल तर पाणी ओढणाऱ्या जाळ्या हवेत येत आहेत, तेव्हा मोटर खाली घ्या. दुसरं, वळताना इंजिनाचा आवाज अचानक चढतो का आणि बोट मागे पडते का. तसं झालं तर पंख्यात हवा शिरली. तीव्र वळणात क्षणभर हे चालेल, सरळ जाताना नाही. तिसरं, पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे मिनिटाला फेरे. ते मोजणारा लहान टॅकोमीटर लावा, महाग नसतो. मोटरच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला किती फेरे असावेत ते दिलेलं असतं. बऱ्याच लहान मोटरींत ते ५,००० ते ६,००० च्या पट्ट्यात असतं. फेरे त्याहून कमी पडले तर पंखा जड आहे, जास्त झाले तर हलका आहे किंवा हवा ओढतोय.

झुकाव ठरवणारी पिनही याच वेळी लावून पाहा. मोटर ट्रान्समकडे एक भोक आत घेतली की निघताना मागची बाजू उचलली जाते आणि नाळ खाली राहते. उथळ पाण्यासाठी हेच बरं. बाहेर गेली की मागची बाजू बसते.

उथळ पाण्याचा खटका

बऱ्याच हँडलवाल्या मोटरींना बाजूला एक खटका असतो, ज्याने मोटर अर्धवट वर झुकलेल्या स्थितीत चालवता येते. उपयोगी आहे, पण फक्त कासवगतीसाठी. या स्थितीत पाणी ओढणाऱ्या जाळ्या पृष्ठभागाजवळ येतात, म्हणून धारेवर नजर हवीच. आणि मागे जायचा गिअर टाकू नका. मोटर खाली धरून ठेवणारं कुलूप या वेळी सुटलेलं असतं, त्यामुळे मागच्या गिअरमध्ये ती एकदम वर उसळते आणि पंखा हवेत फिरतो. खोल पाण्यात आल्यावर खटका पूर्ववत करायला विसरू नका.

पंखा

इथे थोडा खर्च करा. चार पात्यांचा, कडांना किंचित वळण दिलेला पंखा उंच बसवलेल्या मोटरलाही पाणी सोडू देत नाही. तीन पात्यांवरून चार पात्यांवर जाताना पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात हिशेबाने जितका पुढे सरकतो ते अंतर, साधारण एक इंच कमी घ्या. एक इंच पिच बदलला की फेऱ्यांत साधारण दीडशे-दोनशेचा फरक पडतो. त्यावरून तुमचा हिशेब जुळवता येईल.

धातूबद्दल मत वेगवेगळं ऐकू येतं. स्टेनलेस स्टील वाळूत कमी झिजतं, हे खरं. पण खडकावर आदळलं तर ते वाकत नाही, आणि तो धक्का थेट गिअरला जातो. नर्मदेत वाळूबरोबर दगडही आहेत, म्हणून मी अ‍ॅल्युमिनियमचाच पंखा सुचवेन आणि दुसरा सुटा पेटीत ठेवायला सांगेन. अगदी लहान मोटरींत पंख्याला आरपार एक शिअर पिन असते. ती धक्का बसताच तुटते आणि गिअर वाचवते. तिच्या जागी कधीही खिळा किंवा कडक पोलादाची सळई घालू नका. मोठ्या मोटरींत हेच काम पंख्याच्या आतलं रबर करतं.

पंख्याभोवती लावायचे पिंजरे मिळतात. माणसं पोहत असलेल्या जागी त्यांचा उपयोग आहे, पण वेग कमी होतो आणि कचरा त्यातच अडकतो.

नर्मदेच्या घाटांजवळ पंख्याचा सर्वांत मोठा शत्रू दगड नसतो, ती वाहून आलेली चुनरी, हारांचा दोरा आणि नायलॉनचं जाळं असतं. पंखा अडला की आधी इंजिन बंद करा, बंद करण्याच्या बटणाची दोरी (ती काढली की इंजिन बंद पडतं) काढून खिशात टाका, आणि मगच हात लावा. पंखा काढून त्यामागे नायलॉन गुंडाळलं गेलं आहे का ते घरी नक्की पाहा. बारीक दोरा आतल्या सीलला कापतो, गिअरच्या तेलात पाणी शिरतं आणि तेल दुधाळ दिसू लागतं.

इंजिनाला पाणी पाजणारा पंप

मोटरच्या खालच्या भागात रबरी पंख्याचा छोटा पंप असतो, त्याला इंपेलर म्हणतात. उथळ पाणी म्हणजे गढूळ पाणी, आणि वाळू त्या रबराला घासते. वाळूत चालणाऱ्या मोटरचा इंपेलर दर वर्षी बदला, धार चांगली दिसत असली तरी. सुटा इंपेलर आणि त्याचं गॅस्केट नेहमी घरात असू द्या.

धार अचानक बंद झाली तर लगेच इंजिन थांबवा. बऱ्याचदा छिद्राच्या तोंडाशीच चिखल अडकलेला असतो आणि बारीक तारेने साफ होतो. धार परत आली नाही तर वल्ही घ्या. तापलेल्या इंजिनावर वरून पाणी ओतू नका. घरी आणल्यावर मोठ्या पिंपात मोटर बुडवून पाच-दहा मिनिटं स्वच्छ पाण्यावर चालवा. पाण्याशिवाय मोटर सुरू करून पाहणं टाळा. कोरडा इंपेलर फार थोड्या वेळात जळतो.

पाणी वाचणं

निघताना उथळ पाण्यात बोट उचलू, म्हणजे वेगाने पाण्याच्या पृष्ठभागावर आणू पाहू नका. बोट वेग घेताना काही क्षण मागची बाजू सर्वांत खोल जाते, आणि तळ जवळ असला की खालून वेगाने जाणारं पाणी तिला आणखी ओढून घेतं. बांबूने ढकलत खोल पाण्यात या आणि मग थ्रॉटल द्या. याच कारणासाठी उथळ पट्ट्यावर अर्धवट वेग सर्वांत वाईट. एक तर अगदी हळू, नाहीतर पट्टा आधी पाहिलेला असेल तर बोट पूर्ण उचललेली.

बांबूवर दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण करा. तुमचा आकडा जिथे येतो तिथे लाल पट्टा. नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाला खोल, आतल्या काठाला वाळू. पाण्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ दिसली तर पाहा: टोक प्रवाहाच्या वरच्या दिशेला असेल तर खाली दगड आहे, खालच्या दिशेला असेल तर दोन अडथळ्यांमधली वाट.

नर्मदेचं एक वेगळेपण लक्षात ठेवा. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजघरातून पाणी सोडलं की खालची पातळी चढते, थांबवलं की उतरते. सकाळी सहज ओलांडलेला दांडा दुपारी उघडा पडलेला असू शकतो, म्हणून परतीची वाट आधीच्या पाण्यावर विसंबून ठरवू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने चांदोदच्या घाटांवर काय झालं ते अनेकांनी पाहिलं आहे. पावसाळ्यात लहान बोट काठावरच बरी.

आणि बोट रुतली म्हणून झटकन पाण्यात उतरू नका. नर्मदा, ओरसंग, मही, सगळीकडे मगरी आहेत, आणि बडोद्यात राहणाऱ्याला विश्वामित्रीमुळे त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. आधी बांबूने ढकला, वजन मागून पुढे घ्या, मोटर पूर्ण वर करा. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ, तेव्हा वाळूच्या काठांपासून लांबच राहा.

महीचं गणित निराळं

सिंधरोटच्या बंधाऱ्याच्या खाली महीवर भरती-ओहोटीचा अंमल सुरू होतो. खंभातच्या आखातातली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे, उधाणाला तिथली पातळी दहा मीटरच्या आसपास चढते-उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरतीची पहिली लाट भिंतीसारखी आत येऊ शकते. लहान बोट तेव्हा पाण्यात नको. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार कमी असतो ते दिवस निवडा. आत जाणं भरती निम्मी झाल्यावर. चढत्या पाण्यात रुतलात तर पाणीच उचलतं. ओहोटीत रुतलात तर कित्येक तास चिखलात बसावं लागतं, आणि त्या चिखलावर चालता येत नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर मोटर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायची, दुसऱ्या दिवशी नाही.

चिखलातच रोजचं काम असेल तर आउटबोर्डऐवजी लांब दांड्याची, हवेने थंड होणारी मोटर विचारात घ्या. तिला पाणी ओढायचं नसतं. पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकून बोट ढकलणाऱ्या जेट पंपाचं आकर्षण अनेकांना वाटतं, पण त्यात शक्ती सुमारे तीस टक्के कमी होते आणि तो वाळू, गवत सगळं आत ओढतो.

मोटर कुठे न्यायची नाही हेही सांगतो. आजवा तलाव हे बडोदा शहराचं पिण्याचं पाणी आहे. वढवाणा तलाव २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, तिथे हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. बाकी ठिकाणी बोटीची नोंदणी आणि मासेमारीची परवानगी आधी घ्या. तलावांचे मासेमारीचे हक्क अनेकदा ठेक्याने दिलेले असतात.

१८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या मोटनाथ तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त होती, आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. पाणी कमरेइतकं आहे म्हणून जॅकेट बाकाखाली ठेवायचं नाही. ते अंगावर, बकल लावून, आणि बंद करण्याच्या बटणाची दोरी मनगटाला.

पेटीत काय असावं: सुटा पंखा, त्याची कॉटर पिन आणि नट, चार-पाच शिअर पिना, स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, पक्कड, धारदार चाकू, बारीक तार, इंधनाची छोटी गाळणी, डोक्याला लावायची बॅटरी, दोन वल्ही आणि तो खुणा केलेला बांबू. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा शोषतं. म्हणून महिनाभर मोटर चालणार नसेल तर टाकी रिकामी करा, नळी सोडून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत मोटर पिंपात चालवा, आणि ती उभीच ठेवा म्हणजे आतलं पाणी पूर्ण निथळून जाईल.